वाचकांचे प्रश्न : कुलाबा, जिल्हा आणि अलिबाग

प्रश्न : माझ्या आजीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ ‘जि. कुलाबा’ असे आहे. आम्ही गिरगावकर असल्याने घरातले सगळे तिला मुंबईतल्या कुलाब्याची समजतात. ती मात्र आपण अलिबागच्या असल्याचे सांगते. यात खरे काय, आणि अलिबागसारखे लहान गाव जिल्ह्याचे ठिकाण कसे झाले?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या आजी बरोबर सांगतात. दाखल्यावरचा कुलाबा म्हणजे अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभा असलेला किल्ला. त्याच्या नावावरून जिल्ह्याला कुलाबा म्हणत आणि 1 जानेवारी 1981 पासून त्याच जिल्ह्याचे नाव रायगड झाले. भरतीच्या वेळी चहूबाजूंनी पाण्यात असणाऱ्या या किल्ल्यात ओहोटीला ओल्या वाळूतून चालत जाता येते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, 1680 च्या सुमारास, त्याचे बांधकाम सुरू झाले. पुढे तो सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला आणि 1721 मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांना तो घेता आला नाही. किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यावर कान्होजींच्या आश्रयाने गाव वाढले. 1729 मध्ये निधन झालेल्या कान्होजींची समाधी आजही तेथे भर वस्तीत आहे. दक्षिणेला अगदी जवळ चौलसारखे प्राचीन बंदर असूनही कारभाराचा मान अलिबागकडे आला तो आंग्र्यांमुळेच, असे आमचे मत आहे.

1840 मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले. इंग्रजांनी आंग्र्यांची राजधानीच मुख्य ठिकाण म्हणून कायम ठेवली, आधी ठाणे जिल्ह्याच्या हाताखाली आणि 1869 पासून स्वतंत्र जिल्हा म्हणून. कान्होजींनी अलिबागेत बांधलेल्या हिराकोट किल्ल्यात तर तुरुंग आला.

दोन्ही कुलाब्यांना जोडणारा एक धागा आम्हाला विशेष प्रिय आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर प्रश्न उभा राहिला, कारण तारांतून आणि रुळांतून वाहणाऱ्या विजेमुळे चुंबकाची नाजूक सुई विचलित होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम 1904 मध्ये अलिबागला हलविण्यात आले आणि 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मापन करून जुन्या-नव्या नोंदींचा मेळ घातला गेला. त्यामुळे मुंबईत सुरू झालेली ती मालिका न तुटता आजही अलिबागेत पुढे चालू आहे.

दाखल्यावरचे जुने नाव पाहून घाबरण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या नावाआधी गाव आणि तालुका लिहिलेला असतो. तेथे तालुका अलिबाग असेल, तर आपल्या घरातला वाद मिटला म्हणून समजा.