आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी कुठे वाचायला मिळतील, आणि त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवावा?

घरबसल्या आणि फुकट वाचायला मिळतील. आयर्लंडच्या लष्करी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर सगळा ऐवज पडलेला आहे. इंग्रजी वाचता येत असेल तर कुणाच्या पुस्तकाची मध्यस्थी लागत नाही. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पण या जबान्यांचं वेड लागलंय, म्हणून लिहितोय.

1947 साली तिथल्या सरकारने ‘ब्यूरो ऑफ मिलिटरी हिस्टरी’ नावाचं कार्यालय काढलं. त्याची माणसं जुन्या लढवय्यांकडे जायची, त्यांचं म्हणणं उतरवून, टाइप करून त्यावर सही घ्यायची. 1957 पर्यंत 1,773 जबान्या गोळा झाल्या. मग 1959 साली सगळं पोलादी पेट्यांत भरून सरकारी इमारतीत कुलूपबंद केलं. ते जनतेला खुलं झालं थेट 2003 साली. आपण हयात असताना हे कुणी वाचणार नाही, या भरवशावर पुष्कळ जण मोकळेपणाने बोललेले दिसतात.

विनी बर्नची जबानी बघा. लढ्याची गुप्तहेर यंत्रणा चालवणारा पुढारी मायकेल कॉलिन्स, त्याच्या ‘स्क्वाड’ नावाच्या मारेकरी पथकातला हा, पेशाने सुतार, वय विशीचं. 21 नोव्हेंबर 1920 च्या रविवारी सकाळी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तचर अधिकाऱ्यांना त्यांच्या मुक्कामी गाठून मारलं गेलं. त्यातल्या अप्पर माउंट स्ट्रीटवरच्या घरात बर्न होता. एका अधिकाऱ्याला त्याने मागच्या खोलीत नेलं, तिथे दुसरा होताच. दोघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. देवा, यांच्या आत्म्यावर दया कर, असं मनातल्या मनात म्हणालो आणि गोळ्या घातल्या, असं तो सांगतो. पुढे-मागे काही सारवासारव नाही. त्याच दुपारी क्रोक पार्कच्या मैदानावर ब्रिटिश दलांच्या गोळीबारात 14 माणसं गेली. दोन्ही गोष्टी एका दिवसातल्या आहेत हे डोक्यात ठेवूनच ती पानं वाचावीत.

एमन ब्रॉयची जबानी अगदी वेगळ्या तऱ्हेची. हा डब्लिन पोलिसांच्या गुप्तहेर शाखेतला टायपिस्ट-पोलीस. अहवाल टाइप करताना एक जादा कार्बन घालायचा आणि ती प्रत कॉलिन्सकडे पोचवायची, हा त्याचा उद्योग. एप्रिल 1919 मध्ये तर त्याने कॉलिन्सलाच रात्री कचेरीत घेतलं आणि पहाटेपर्यंत दफ्तर वाचू दिलं. स्वतःवरची फाईलही कॉलिन्सने तिथेच वाचली. मला विचाराल तर अख्ख्या लढ्याचं कामकाज कसं चालायचं हे चकमकींच्या वर्णनांपेक्षा इथे जास्त कळतं.

आता विश्वासाचं. ही माणसं तीस-पस्तीस वर्षांनी बोलताहेत. मधल्या काळात 1922-23 ची यादवी झाली, कालचे सोबती एकमेकांवर गोळ्या झाडून मोकळे झाले. जबान्या मात्र ब्रिटिशांशी जुलै 1921 मध्ये झालेल्या शस्त्रसंधीपाशी थांबवायच्या असं ठरलं होतं, त्यामुळे यादवीचा राग सरळ येत नाही, आडून येतो. 21 जानेवारी 1919 ला टिपररी परगण्यात सोलोहेडबेगला दोन पोलीस मारले गेले. त्यात सामील असलेल्या डॅन ब्रीन आणि शेमस रॉबिन्सन या दोघांच्याही जबान्या आहेत. कारभार कुणाच्या हातात होता यावर त्यांचं जमत नाही, आणि रॉबिन्सनचा ब्रीनवरचा राग तर लपता लपत नाही. अशा वेळी एकाचं वाचून मत बनवू नये. शिवाय लढ्यातला एक सेनानी अर्नी ओ’मॅली याच्यासारख्यांनी जबानी दिलीच नाही. ओ’मॅलीने उलट स्वतः गावोगाव फिरून शेकडो जुन्या साथीदारांच्या मुलाखती वह्यांत उतरवल्या. त्याचं अक्षर वाचणं ही अभ्यासकांना शिक्षाच आहे. जुन्या लढवय्यांचे निवृत्तिवेतनाचे अर्जही आता खुले होताहेत, पण तिथे ‘मी प्रत्यक्ष लढलो’ हे सिद्ध केल्याशिवाय पैसे नव्हते, तेव्हा तो हिशेब धरूनच वाचा.

आपल्या वाचकांनी एक जबानी मुळीच चुकवू नये: जोसेफ हॉजची. हा ब्रिटिश फौजेतल्या कनॉट रेंजर्स पलटणीचा शिपाई, जालंधरच्या छावणीत. रजेवर आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात गेला असताना तिथे फौजेने संगिनी रोखून हर्लिंग या आयरिश खेळाचा सामना बंद पाडलेला त्याने पाहिला होता. इंग्रज आयर्लंडमध्ये जे करताहेत तेच आपण हिंदुस्थानात करतोय, असं तो सोबत्यांना म्हणाला. 28 जून 1920 ला त्याने आणि मोजक्या साथीदारांनी आपण होऊन स्वतःला पहाऱ्याच्या कोठडीत अटक करवून घेतली, आणि बघता बघता बंड पसरलं. जालियनवाला बागेला तेव्हा सव्वा वर्षही झालं नव्हतं, आणि डायरची पाठराखण करणारा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर हाही टिपररीचाच! सोलनला जेम्स डेली आणि त्याच्या सोबत्यांनी शस्त्रागारावर चाल केली, त्यात दोन शिपाई मेले. मृत्युदंडाच्या शिक्षा बऱ्याच जणांना सुनावल्या, अंमल एकट्या डेलीवर झाला: 2 नोव्हेंबर 1920, दगशाईचा तुरुंग. बंडातल्या इतरांच्याही जबान्या आहेत, त्या हॉजच्या जोडीने वाचा.

शोधताना एक अडचण येते. बायकांच्या जबान्या बहुधा नवऱ्याच्या आडनावाखाली लावल्या आहेत. ग्रेस गिफर्डने 3 मे 1916 च्या रात्री डब्लिनच्या किलमेनहॅम तुरुंगात 1916 च्या उठावातला पुढारी जोसेफ प्लंकेट याच्याशी लग्न केलं आणि पहाटे ब्रिटिशांनी त्याला गोळ्या घातल्या. तिची जबानी ‘गिफर्ड’ टाकून सापडली नाही तर ‘प्लंकेट’ टाका. जोसेफची बहीण जेराल्डिन मात्र ‘डिलन’खाली आहे. विनी बर्नसाठी ‘व्हिन्सेंट’ लिहा.