आधी जागा शोध

प्रिय पोरी,

तुमच्या बँडचं नवं गाणंही फारसं कुणी ऐकलं नाही, म्हणून लोकांना आता रॉक नकोच आहे असं तू ठरवून टाकलंस. मला ते अजिबात पटलेलं नाही. नाशकात साउंडचं काम करताना मी मिक्सरमागून माणसांकडे बघत असतो. ड्रम्स सुरू झाले की कॉलेजच्या पोराची मान डोलते आणि त्याला न्यायला आलेल्या बापाचीही. ऐकणारे आहेत गं. तुमच्यापर्यंत पोचायची त्यांची वाट बुजली आहे.

स्ट्रीमिंगवर जगभरातून रोज लाखभर नवी गाणी चढतात. त्यात अमेरिकेसारख्या बाजारात जे ऐकलं जातं, त्यातला 70 टक्क्यांहून जास्त वाटा दीड वर्षापेक्षा जुन्या गाण्यांचा असतो. म्हणजे गेल्या साठ वर्षांतला सगळा गाजलेला रॉक तुमच्याच शेजारी, त्याच फोनवर उभा आहे. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं तरच ते ऐकणं मोजलं जातं, आणि 2024 पासून वर्षभरात 1000 वेळाही न वाजलेल्या गाण्याला तिथून काहीच पैसे मिळत नाहीत. तुमच्या गाण्यात सुरुवातीला बराच वेळ गिटार एकटीच फिरते. ती मला फार आवडते, काढू नकोस. फक्त अशा गाण्याची पहिली ओळख फोनवर होणं अवघड आहे, हे धरून चाल.

दुसरी अडचण बँड म्हणून एकत्र राहण्याचीच आहे. लॅपटॉपवर बीट लावून गाणाऱ्याला कुणाची वाट बघावी लागत नाही. तुम्हा पाच जणांना एकच मोकळी संध्याकाळ लागते, सरावाच्या जॅम रूमचं भाडं लागतं, ड्रमकिट ठेवायला जागा लागते, आणि हातात येईल ते पाचांत वाटायचं. कॅफेवाल्याचंही चुकत नाही. गिटारवाला आणि गायक कोपऱ्यात मावतात, गिऱ्हाइकांना आपसांत बोलता येतं. पूर्ण बँड म्हटला की टेबलं हलवावी लागतात, आणि फर्माईश कव्हर्सची, म्हणजे दुसऱ्यांच्या गाजलेल्या गाण्यांचीच येते. उघड्यावर करायचं तर लाउडस्पीकरची परवानगी आणि रात्री 10 ची वेळ सांभाळा.

जागा गेली की काय होतं ते मुंबईनं पाहिलंय. 1986 साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवामुळे तिथल्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात कितीतरी नव्या पोरांना मोठ्या गर्दीसमोर वाजवायला मिळालं. आसपास रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातले जलसे थांबले. इंग्लंडचे गाजलेले बीटल्ससुद्धा 1960 ते 1962 या काळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांत तासन्‌तास वाजवून तयार झाले होते. मोठं नाव नंतर झालं.

आपल्या गावात हे कळायला लांब जायला नको. ढोलपथकं गणपतीच्या कितीतरी आठवडे आधीपासून मैदानात सराव करतात. पोरंपोरी नोकरीवरून थेट तिथे येतात, कारण मिरवणूक ठरलेली असते. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला लोक अंधारात उठून जातात. दिवस ठरलेला, जागा ठरलेली. सुलाफेस्टसारखा मोठा महोत्सव नाशकात झाला याचा मला अभिमान आहे, पण नव्या बँडला त्याच्या कितीतरी आधी पन्नास माणसांची एक खोली हवी असते. ती नाशकात कुणी बांधून देणार नाही, तुम्हालाच करावी लागेल.

सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या कुणाची शेड असेल तर सुटीच्या दिवशी संध्याकाळपुरती माग. आजूबाजूला घरं नसली की निम्मी कटकट मिटते. पत्र्याखाली आवाज फार घुमतो, म्हणून ड्रम्सच्या मागे आणि समोरच्या भिंतीवर जुन्या सतरंज्या टांगा, जमतील तितक्या जाड गोधड्यासुद्धा. गिटारचे अँप्लिफायर भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. आणखी दोन बँड बोलवा, ड्रमकिट एकच वापरा. प्रत्येकानं आपापली माणसं आणली तरी शेड भरते. महिन्यातला एक वार ठरवा आणि पाऊस असो, परीक्षा असो, तो मोडू नका. दहाच माणसं आली तरी पूर्ण वाजवा, कव्हर एखादंच. येणाऱ्यांचे नंबर दारात वहीत लिहून घ्या. पुढच्या महिन्याचा निरोप त्यांनाच जाईल, तो कुठल्या अल्गोरिदमच्या मर्जीवर राहणार नाही.

तुमचा ड्रमर पुण्याला नोकरीला लागला म्हणून बँड मोडायचा विचार करू नकोस. नाशिकचे बँड मला बहुतेक असेच संपताना दिसले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं. ठरलेली तारीख असेल तर तो महिन्यातून एकदा बसनं येईल. तारीखच नसेल तर कशासाठी येईल?

आणखी एक काम या आठवड्यातच करा. प्रत्येक गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, हे कागदावर लिहून पाचही जणांनी सह्या करा. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला आहे. त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या. आज पैसे नाहीत, म्हणून आज हे बोलणं सोपं आहे.

शेड मिळाली की लांबी, रुंदी आणि पत्र्याची उंची कळव. स्पीकर कुठे ठेवायचे ते मी येऊन बघतो.

तुझा,
काका