नागपुरात मे महिन्यात जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी सिग्नलवर बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते. शनिवार-रविवारी घरी काय तपासावे?

लगेच कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) खोलू नका, बहुतेकदा दोष तिथे नसतो.

गाडी बंद पडताच, पेट्रोलची लाईन उघडण्याआधी, प्लगची ठिणगी पाहा. पिवळट, अशक्त असेल तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर) किंवा कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी) तापून दगा देते. कंडेन्सर स्वस्त असतो, सरळ बदला. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) घासलेले असतील तर तेही. पॉइंटची गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) 0.4 ते 0.5 मिमी ठेवा.

ठिणगी निळी, कडक असेल तर गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवा. पाचेक मिनिटांत गाडी सुरू झाली तर व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणे. पंप इंजिनलाच बसवलेला, टाकी मागे. टाकीकडून पेट्रोल ओढणाऱ्या बाजूला दाब कमी, म्हणून 45 अंशांत पेट्रोलची तिथेच वाफ होते. रबरी नळीला बारीक चीर असेल तर हवाही शिरते. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे जुने रबर लवकर खराब होते, त्यामुळे नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घ्या, क्लिपाही नव्या.

व्हेपर लॉक असेल तर पंप काढून त्याखालचा इन्सुलेटरही पाहा; काढताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. इंजिनची उष्णता अडवणारा हा जाड तुकडा पुष्कळदा गायब असतो, मिस्त्री नुसते पॅकिंग लावून मोकळे होतात. तो मूळ जाडीचाच हवा; जाडी बदलली की पंपाच्या दांडीचा स्ट्रोकही (मागेपुढे सरकण्याचे अंतर) बदलतो.