मेंदूतली गाठ, 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' आणि 'ट्रेस एलिमेंट्स' : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाच्या काकांना मेंदूत गाठ आहे. त्यांच्या वाचनात असे वाक्य आले : 'ब्रेन ट्युमरच्या रुग्णांत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलेला आणि ट्रेस एलिमेंट्सचे संतुलन बिघडलेले आढळते.' घरात त्याचा अर्थ लागला तो असा : 'टेन्शननं अन् अंगातले क्षार कमी झाल्यानं गाठ झाली.' हा अर्थ बरोबर आहे का आणि या शब्दांना मराठीत काय म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : अर्थ बरोबर नाही. तो तीन ठिकाणी घसरला आहे. स्ट्रेसचे टेन्शन झाले, एलिमेंटचे क्षार झाले आणि 'आढळते'चे 'झाल्यानं' झाले. तिसरी घसरण सर्वांत घातक आहे, पण तिथे पोचायला आधीच्या दोन समजून घ्याव्या लागतात.

'तणाव' हा शब्द इथे टाळावा. तो ऐकला की मन, झोप, कर्ज, घरातली भांडणे हेच डोळ्यांपुढे येते. 'ताण' मात्र चालेल, कारण विदर्भात हा शब्द मनापुरता कधीच नव्हता. वरुड-मोर्शीकडे आंबिया बहार धरताना संत्र्याच्या बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. पावसाने दडी मारली की पऱ्हाटीला ताण बसतो. सोसण्याची ताकद एका बाजूला, पडलेला भार दुसऱ्या बाजूला, हाच त्यातला अर्थ. रसायनातला अर्थही याच जातीचा आहे. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये या संज्ञेची जी व्याख्या केली तिचा आशय असा : ऑक्सिडीकरण करणारे पदार्थ आणि त्यांना आवर घालणारे पदार्थ यांच्यातला तोल पहिल्यांच्या बाजूला झुकणे. म्हणून 'ऑक्सिडीकरणाचा ताण' असे सरळ म्हणावे. 'ऑक्सिडीकरण' शाळेच्या विज्ञानातून सर्वांना माहीत आहे, त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडवण्याची गरज नाही.

हा ताण मनात नसतो, पेशीत असतो. पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा त्यातला थोडा भाग अर्धवट बदलून सुपरऑक्साइड तयार होतो. एक विकर (एन्झाइम) त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, दुसरी विकरे त्या पेरॉक्साइडचे पाणी करतात. ही साखळी मागे पडली आणि पेरॉक्साइडला मोकळे लोह भेटले, तर हायड्रॉक्सिल हे फार आक्रमक मुक्त मूलक (फ्री रॅडिकल) तयार होते. लोह आणि पेरॉक्साइड यांची ही अभिक्रिया ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ मध्येच नोंदवली होती. हायड्रॉक्सिल जिथे तयार होते तिथेच, शेजारी जे सापडेल त्यावर तुटून पडते : डीएनए, प्रथिने, पेशीपटलातली स्निग्धे.

मेंदूचा यात विशेष उल्लेख होण्याला कारण आहे. शरीराच्या वजनात त्याचा वाटा सुमारे २ टक्के, पण विसाव्याच्या वेळी शरीर वापरते त्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. शिवाय त्याच्या पेशीपटलांत सहज ऑक्सिडीकरण होणारी बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात. जवसाचे तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवट होते ते याच प्रकारच्या मेदाम्लांमुळे. स्निग्धांचे असे ऑक्सिडीकरण शरीरात झाले की मॅलॉनडायअल्डिहाइड हा पदार्थ उरतो. शोधनिबंधांत 'एमडीए वाढले' असे दिसते ते हेच. डीएनएवरच्या इजेची खूण म्हणून '८-ओएचडीजी' मोजतात.

आता 'ट्रेस'. त्याचा 'स्ट्रेस'शी काही संबंध नाही, नुसता नाद जुळतो. ट्रेस म्हणजे माग, लेश. पूर्वीच्या रसायनशास्त्रज्ञांना काही मूलद्रव्ये 'आहेत' एवढे कळे, पण किती आहेत हे मोजता येत नसे, म्हणून ते 'ट्रेस' अशी नोंद करत. मराठीत 'लेश मूलद्रव्ये' किंवा 'सूक्ष्म मूलद्रव्ये' म्हणावे. मला दुसरा शब्द अधिक पसंत आहे, कारण 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' हा शब्द कृषी केंद्राच्या पाटीपासून बांधावरपर्यंत आधीच पोचलेला आहे आणि जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी आहेत.

'क्षार' मात्र अजिबात नको. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात क्षार म्हणजे पाण्यातले मीठ, ते जिभेला कळते. दवाखान्यात 'क्षार कमी झाले' म्हणतात तेव्हा सोडियम-पोटॅशियम अभिप्रेत असतात. त्यांची शरीरातली मात्रा प्रत्येकी शंभर ग्रॅमच्या आसपास असते. सूक्ष्म मूलद्रव्यांचा हिशेब वेगळाच आहे : प्रौढ शरीरात लोह ३ ते ४ ग्रॅम, जस्त २ ते ३ ग्रॅम, तांबे जेमतेम १०० मिलिग्रॅम, सेलेनियम आणि मंगल त्याहूनही पुष्कळ कमी. 'क्षार कमी' ऐकून कोणी मीठ-साखरेचे पाणी पाजू लागले, तर त्याचा या मूलद्रव्यांशी काडीचा संबंध नाही. 'जड धातू' हाही पर्याय नव्हे. शिसे आणि कॅडमियम जड धातू आहेत, पण शरीराला त्यांची गरज नाही. सेलेनियमची गरज आहे, आणि ते धड धातूही नाही.

हे दोन शब्द एकाच वाक्यात का येतात? वर सांगितलेल्या विकरांच्या गाभ्यात हीच मूलद्रव्ये बसलेली असतात म्हणून. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये ओळखले. पेशीद्रवातल्या त्याच्या प्रकारात तांबे आणि जस्त असते, मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातल्या प्रकारात मंगल. कॅटालेजमध्ये लोह. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजमध्ये सेलेनियम, हे १९७३ मध्ये कळले. पण हेच लोह आणि तांबे प्रथिनाच्या पकडीतून सुटले की ताण वाढवतात. म्हणून त्यांच्याबद्दल 'चांगले' किंवा 'वाईट' असे विशेषण लावणे भाषेच्या दृष्टीनेही चूक आहे. कुठे आहे आणि कोणाला बांधलेले आहे, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

आता ती तिसरी घसरण. मूळ वाक्य 'आढळते' म्हणते. मराठीत बोलताना आपण फार सहज '-मुळे' किंवा '-नं' जोडून टाकतो आणि सोबत दिसलेल्या गोष्टीचे कारण करून टाकतो. शेतीतली सवयही त्यात असते : पान पिवळे, जस्त कमी, झिंक सल्फेट द्या, पान हिरवे. तिथे कमतरता हेच कारण असते. गाठीच्या बाबतीत तसे धरता येत नाही. दुर्धर ग्लायोमाच्या (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या गाठीच्या) काही अभ्यासांत रक्तद्रवातले तांबे वाढलेले आणि जस्त व सेलेनियम घटलेले दिसते. पण रक्तद्रवातल्या तांब्याचा बहुतेक साठा सेरुलोप्लाझमिन या प्रथिनात असतो आणि हे प्रथिन कोणत्याही दाहात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनीही वाढते. जस्त आजारात यकृताकडे ओढले जाते, जेवण कमी झाले तरी उतरते. म्हणजे हा बदल रोगाचा परिणामही असू शकतो. मेंदूतल्या गाठींची पक्की ठरलेली कारणे थोडी आहेत : डोक्याला पूर्वी मिळालेला आयनकारी किरणोत्सर्ग आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिससारखे काही आनुवंशिक विकार. टेन्शन त्यांत नाही. काकांनी किंवा घरच्यांनी स्वतःला दोष देण्याचे काही कारण नाही.

तेव्हा ते वाक्य असे लिहावे : 'मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांच्या पेशींत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढलेला आणि सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण बदललेले दिसते.' 'गाठ' हा शब्द ठेवावा. 'अर्बुद' ग्रंथात ठीक आहे. 'कर्करोग' मात्र सरसकट लिहू नये, कारण मेनिंजिओमासारख्या (मेंदूच्या आवरणावरच्या) गाठी बहुधा सौम्य असतात.

शब्द चुकला की उपचारही चुकतो, आणि याची मला खरी काळजी वाटते. 'ताण कमी करणारे' म्हणून अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे ऑक्सिडीकरणाला आवर घालणाऱ्या पदार्थांच्या, गोळ्या विकल्या जातात. क्ष-किरण उपचारात गाठीच्या पेशी मरतात त्याचा मोठा भाग मुक्त मूलकांच्या माऱ्यानेच घडतो. ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक ग्लायोमात साधारण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा ३० बैठकांत देतात. त्या सहा आठवड्यांत अशा गोळ्या मोठ्या मात्रेत घेतल्या तर उपचाराचीच धार बोथट होण्याची शक्यता असते, म्हणून किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या सुरू करू नयेत. जेवणातल्या भाज्या-फळांबद्दल हे नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट दिले तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला, हे १९९४ पासून माहीत आहे.

तपासणीचा अहवाल हाती आला तर नमुना कसा घेतला तेही विचारावे. साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त उतरते, म्हणून सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी गडद निळ्या टोपणाची खास नळी असते. रक्तपेशी फुटल्या तर जस्त आणि लोह खोटे वाढते. जेवणानंतर जस्त खाली येते, म्हणून नमुना सकाळी उपाशीपोटी द्यावा.

आणि अहवाल मराठीत सांगताना एकक जपावे. रक्तद्रवातले जस्त साधारण ७० ते १२० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. घाईत 'मायक्रो'चे 'मिलि' होते आणि आकडा हजारपट फुगतो. सेलेनियमच्या बाबतीत ही चूक महागात पडेल. रोजची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम, वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम. ती बरेच दिवस ओलांडली की केस गळतात, नखे ठिसूळ होतात आणि श्वासाला लसणासारखा वास येतो. चिठ्ठीवर 'मिग्रॅ' किंवा 'मायग्रॅ' अशी तोडकी रूपे लिहू नयेत, पूर्ण शब्दच लिहावा.