वाचकांचे प्रश्न: व्हायरल क्लिप, जत्रेचं नाटक आणि वन्समोअर

प्रश्न : आमच्या देवस्थानच्या जत्रेला मालिकेतल्या एका अभिनेत्रीला बोलावलं आहे. विसार दिला, फलकही लागले. आता देवदर्शनाच्या रांगांविषयी ती वावगं बोलल्याची २० सेकंदांची क्लिप गावभर फिरते आहे. समितीतले अर्धे लोक ‘रद्द करा’ म्हणतात. काय करावं?
— समिती सदस्य, डिचोली

उत्तर : आधी क्लिप तपासा, मग करार वाचा, सभा शेवटी बोलवा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. सभेत आवाज चढतात, रात्री ‘कार्यक्रम रद्द’ असा मेसेज जातो आणि करारपत्र दुसऱ्या दिवशी कपाटातून निघतं.

क्लिप मोबाईलवर न बघता मोठ्या पडद्यावर लावा. वाक्य मध्येच सुरू होतं का? बोलता बोलता मागची कुंडी किंवा कॉलरवरचा माईक जागा बदलतो का? बदलत असेल तर तिथे कात्री लागली आहे. प, ब, म म्हणताना ओठ मिटलेच पाहिजेत. ते मिटत नसतील तर आवाज वरून चढवलेला असण्याची दाट शक्यता. मग दोन-तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. हातातल्या माईकवर वाहिनीचं चिन्ह दिसलं तर मूळ मुलाखत लगेच सापडते. ती सापडली की त्या वाक्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन मिनिटं ऐका. पुष्कळदा बोलणारी व्यक्ती दुसऱ्याचं म्हणणं सांगत असते आणि ‘लोक असं म्हणतात’ एवढेच शब्द उडवलेले असतात. व्हॉट्सॲपवरच्या दुहेरी बाणाचा अर्थ इतकाच की मजकूर किमान पाच हातांतून आला. त्यावरून तो खरा ठरत नाही.

आता करार. रद्द कोणी केलं तर विसाराचं काय, हे कलम शोधा. समितीने स्वतःहून रद्द केलं तर विसार बहुधा बुडतोच, उरलेल्या रकमेचीही मागणी येऊ शकते. मूळ मुलाखतीत ती खरंच तसं बोललेली असेल तर तिच्या व्यवस्थापकाकडून लेखी खुलासा मागवा, उत्तराला तीन दिवस द्या. खुलासा पटला नाही तर कार्यक्रम सोडून द्यावा आणि नुकसान सोसावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. देवळाच्या अंगणात रुसवेफुगवे घेऊन कार्यक्रम करू नये. पण क्लिप कापलेली निघाली, तर समितीने तसं फलकावर लिहून तिच्या पाठीशी उभं राहावं. कलाकाराला बोलावून ऐनवेळी तोंड फिरवणं गावाला शोभत नाही.

तोवर कोणाही पदाधिकाऱ्याने ती क्लिप शेरा मारून पुढे पाठवू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते, आणि पुढे पाठवणाऱ्यावरही तक्रार होते. पुढच्या करारात मंचावरची मिनिटं, फोटोची वेळ, विमानतळ मोपा की दाबोळी, आणि पैसे कोणाच्या बँक खात्यात, हे लिहून घ्या. रोखीत देऊ नका.

प्रश्न : नववीतली मुलगी दोन कलाकारांच्या भांडणावरून मैत्रिणींशी बोलेनाशी झाली आहे.
— एक आई, मडगाव

उत्तर : तिच्यासोबत बसून त्या दोघांच्या नव्या सिनेमाची किंवा मालिकेची तारीख शोधा. ती महिनाभरात असेल तर भांडण प्रसिद्धीसाठीही असू शकतं, तेव्हा त्याकडे जरा लांबूनच बघावं. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवरची ‘पेड पार्टनरशिप’ची पाटी वाचायलाही शिकवा. एखाद्याचे चाहते असणं चांगलंच आहे. संगीत नाटकांतले गायक-नट बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचेही कट्टर चाहते होते, तरी १९२१ साली ते दोघे टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र उभे राहिले.

प्रश्न : जत्रेतलं संगीत नाटक रात्री १० च्या आत बसत नाही. तरुण म्हणतात, नाटक बंद करून ऑर्केस्ट्रा आणा.
— उत्सव समिती, फोंडा तालुका

उत्तर : ऑर्केस्ट्रालाही तोच नियम लागतो. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातून फार तर १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, तुमचा दिवस त्यात येतो का ते आधी विचारा. येत नसेल तर पडदा संध्याकाळी ६.३० ला उघडायला हवा. म्हणजे रंगपट दुपारी ३ ला, आणि पालखी आधी. उशीर बहुतेक पालखीमुळे आणि पावणीमुळे (देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावामुळे) होतो, नाटकामुळे कमीच.

नाटक तीन तासांत आणा. २० पदं असतील तर ८ ठेवा, आलापी तीन-चार मिनिटांत आवरा. पहिल्या अंकातले पात्रांची ओळख करून देणारे प्रवेश कापू नका, नाहीतर तिसऱ्या अंकात कोण कोणाचा कोण हेच कळत नाही. विनोदी प्रवेश दोनदा येत असेल तर एक काढा. सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो प्रॉम्प्टरच्या हातात जुनी प्रत राहिल्यामुळे. तो कापलेलं वाक्य देतो, नट अडखळतो, ऑर्गनवाला भलतंच पद धरतो. कापलेली एकच प्रत प्रॉम्प्टर, ऑर्गन, तबला आणि प्रकाश या चौघांकडे हवी, पानांचे आकडेही तेच. शेवटच्या दोन तालमी घड्याळ लावून सलग करा.

माईक रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन पुरतात. स्पीकर त्यांच्याही पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. मागे ठेवलात तर त्याचाच आवाज माईकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते. ऑर्गन माईकपासून दूर, नाहीतर गायकाचा शब्द बुडतो.

आणि वन्समोअर कापू नका. दीनानाथ मंगेशकर ज्या मंगेशीत जन्मले, त्याच तालुक्यातले तुम्ही. एक वन्समोअर साधारण पाच मिनिटं खातो. तीन धरा, वेळापत्रकात १५ मिनिटं आधीच राखून ठेवा आणि त्या पदांना तबलजीला तसं सांगून ठेवा.