टचस्क्रीनवर पंप चालू दिसतो, प्रत्यक्षात बंद असतो: दोष पीएलसीचा की स्क्रीनचा?

तुम्ही लिहिलंय की उसना (म्हणजे उकड्या) तांदळाच्या प्लांटमध्ये पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, टचस्क्रीन जोडल्यापासून दोन त्रास सुरू झाले: पंप बंद पडला तरी स्क्रीनवर हिरवाच दिसतो, आणि लाईन जाऊन आली की तापमानाचं सेटिंग बदलतं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राईस मिलमध्ये हेच पॅनल दुरुस्त करतो, म्हणून सांगतो. बहुतेक वेळा दोन्ही वस्तू धडधाकट असतात. कोणती गोष्ट कोणी लिहायची आणि कोणी फक्त वाचायची, एवढंच ठरलेलं नसतं.

आधी स्क्रीनवरचा हिरवा दिवा पीएलसीतल्या कुठल्या बिटला, म्हणजे चालू-बंदच्या नोंदीला, जोडलाय ते बघा. मला तो बरेचदा पीएलसीच्या आउटपुटलाच जोडलेला सापडतो. म्हणजे ‘पंप चालू कर’ हा हुकूम सुटला, इतकंच तो सांगतो. हुकूम पाळला गेला का, हे कळायला कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज देणाऱ्या स्विचचा) ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट आणि ओव्हरलोडचा (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या रिलेचा) ट्रिप कॉन्टॅक्ट पीएलसीच्या इनपुटवर आणावे लागतात. हुकमानंतर तीन सेकंदांत उलट खबर आली नाही तर अलार्म वाजला पाहिजे आणि वाफेचा व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे. कपलिंग तुटलं तर मोटर फिरते पण पाणी फिरत नाही, म्हणून पाईपवर फ्लो स्विचही लावा.

एका मिलमध्ये रात्रपाळीला भिजवणीच्या टाकीचा पाणी फिरवणारा पंप ट्रिप झाला. पाणी 65 ते 70 अंशांवर ठेवायचं होतं. सेन्सरजवळचं पाणी गार होत गेलं, म्हणून पीएलसी वाफ सोडतच राहिला. सकाळी वाफेच्या तोंडाजवळचं धान फुटून चिकट झालेलं, आणि लांबचं दाताखाली कडक. ऑपरेटर रडवेला होऊन म्हणाला, “हिरवं तर दिसून राह्यलं होतं ना साहेब!” त्याची काय चूक? रात्रभर तो जागाच होता. खोटं त्याला स्क्रीनने दाखवलं, आणि ती स्क्रीन आमच्यासारख्याच कोणीतरी बनवली होती. तेव्हापासून उलट खबर जोडल्याशिवाय मी पॅनल चालू करून देत नाही.

आता सेटिंग. त्याचा मालक एकच हवा, आणि तो पीएलसी. आकडा लाईन गेल्यावरही टिकणाऱ्या, म्हणजे रिटेन्टिव्ह रजिस्टरमध्ये (पीएलसीच्या मेमरीतल्या कप्प्यात) ठेवा. लाईन आली की पीएलसी आधी उठतो, स्क्रीन मागाहून. उठता उठता स्क्रीनचा एखादा मॅक्रो (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) जुना आकडा पीएलसीत लिहीत असेल तर तो काढून टाका. पीएलसीच्या पहिल्या स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या पहिल्या फेरीत, जुना आकडा भरला जातोय का, तेही बघा. आकडा 60 ते 75 च्या बाहेरचा असेल तर पीएलसीनेच नाकारावा. दशांश दोन्हीकडे सारखा ठेवा: 65.2 हे रजिस्टरमध्ये 652 असतं. पीएलसी आणि स्क्रीन मॉडबस या भाषेत बोलत असतील तर रजिस्टरचा पत्ता एकाने सरकतो, कारण 40001 म्हणून लिहिलेलं रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाने जातं. मॉडबस 1979 चा, तरी या एका आकड्यात माझे आजही दोन-दोन तास जातात.

स्क्रीनवरचं स्टार्टचं बटण दाबलेलं असतानाच स्क्रीनची केबल हलली तर बिट तसाच चालू राहतो, आणि मोटर नको तेव्हा फिरू शकते. तिथे माणसाचा हात असू शकतो. म्हणून हुकूम घेतला की तो बिट पीएलसीनेच पुसावा. इमर्जन्सी स्टॉप मात्र थेट तारेने जोडा, स्क्रीनमधून कधीच नाही.

पीएलसी आणि स्क्रीनमधली केबल आरएस-485 प्रकारची असेल तर ती ड्राईव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) केबलपासून लांब न्या, आणि दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर लावा.

शेवटी टाकीत धान नाही, फक्त पाणी आहे आणि वाफ बंद आहे अशा वेळी पंप थोडा वेळ चालवा आणि स्क्रीनची केबल उपसा. जुनेच आकडे तसेच दिसत राहिले तर स्क्रीनवर ‘संपर्क तुटला’ अशी मराठी पाटी टाका आणि आकड्यांच्या जागी रेघा येऊ द्या. मग केबल लावून ओव्हरलोडचं टेस्ट बटण दाबा. दिवा लाल झाला तरच टाकीत धान भरा.