शेतीत नवीन आहेस, आधी कागद नीट कर

भावा, वडिलांच्या पश्चात जमीन कसायला घेतलीस, फार बरं वाटलं. पण योजनांच्या मागे लागण्याआधी तलाठ्याकडे (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारसनोंद करून घे. सातबाऱ्यावर तुझं नाव लागल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. मग शेतकरी ओळख क्रमांक काढ आणि बँक खातं आधारला जोड. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइल अॅपवरची नोंद, मात्र दर हंगामात स्वतः बांधावर जाऊन करायची.

ठिबक सिंचनाच्या अनुदानाचं नीट ऐक. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या योजनांच्या पोर्टलवर, अर्ज कर, पण पूर्वसंमती मिळेपर्यंत एक नळीसुद्धा विकत घेऊ नकोस. मी घाईत आधीच संच बसवला आणि अनुदान गेलं. त्या वर्षाची ओढाताण अजून आठवते. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर राज्याचं पूरक अनुदान धरून ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, पण मंजूर खर्चाच्या मर्यादेवर, दुकानदाराच्या बिलावर नाही. शिवाय पैसे नंतर खात्यात येतात, तोवरची सोय करून ठेव.

केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीला ते मिळत नाहीत, वारसाहक्काच्या जमिनीला मिळू शकतात. म्हणून फेरफाराची, म्हणजे जमीन तुझ्या नावावर झाल्याच्या नोंदीची, नक्कल जपून ठेव. अडलास तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) गाठ, एजंटाला नको.